पहिल्या दहा ऑर्डरींपर्यंत पाकीट उघडू नका

ऑनलाइन विक्री सुरू करायची म्हटलं की गिऱ्हाईक भेटायच्या आधी पैसे मागणारे भेटतात. कुणी लोगो करून देतो म्हणतं, कुणी नोंदणीचे दोन हजार सांगतं, कुणी तीन दिवसांच्या कोर्सची जाहिरात पाठवतं. कुणी ‘अकाउंट मॅनेजर’ म्हणून फोन करतं आणि तुमचा माल पहिल्या पानावर आणायचे पैसे मागतं. मी हातशिलाईच्या गोधड्या विकायला बसले तेव्हा पहिल्याच महिन्यात असे साडेसहा हजार रुपये गेले, आणि त्या महिन्यात गोधडी एकही गेली नाही. पुढे हळूहळू कळलं, की ज्या ज्या गोष्टीचे मी पैसे मोजले होते ती प्रत्येक गोष्ट फुकट मिळत होती. थोडा वेळ द्यावा लागत होता, एवढंच.

तुम्ही घरात काही बनवत असाल आणि ते अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांपैकी कुठेतरी विकायचा विचार करत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणं गोधडीची आहेत, कारण मला तीच वस्तू नीट माहीत आहे. पिशव्या, लाकडी खेळणी, आकाशकंदील, कुणाची वस्तू काहीही असो, कामाचा क्रम बदलत नाही. खाण्याच्या पदार्थांना मात्र अन्नसुरक्षेची वेगळी नोंदणी लागते. तो विषय स्वतंत्र आहे, इथे घेत नाही.

कागदपत्रं

सूक्ष्म उद्योग म्हणून केंद्र सरकारची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती पूर्ण मोफत आहे. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढंच लागतं, आणि चहा होईपर्यंत प्रमाणपत्र हातात येतं. गोंधळ होतो तो शोधताना. गुगलवर ‘उद्यम नोंदणी’ असं टाकलं की वरच्या ओळींत खासगी लोकांची संकेतस्थळं येतात. रंगरूप सरकारी असतं, आणि शेवटच्या पानावर पैसे भरायला सांगतात. खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो आणि तिथे पैसे भरायचं पानच नाही. पैसे मागितले की समजायचं, आपण चुकीच्या दारात आहोत.

जीएसटीचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निम्म्या बायका इथेच थांबतात. पूर्वी ऑनलाइन बाजारात एक रुमाल विकायचा तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून हे बदललं. तुमची एकूण उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत असेल (महाराष्ट्रात वस्तूंसाठी ती वर्षाला ४० लाख रुपये आहे) आणि तुम्ही फक्त आपल्या राज्यातल्याच गिऱ्हाइकाला विकणार असाल, तर पूर्ण नोंदणी लागत नाही. जीएसटीच्या पोर्टलवर पॅनच्या आधारे एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा, तोच विक्रीच्या ठिकाणी द्यायचा. हा क्रमांक मोफत मिळतो आणि दर महिन्याला विवरणपत्र भरावं लागत नाही. अट एकच, माल महाराष्ट्राबाहेर जाता कामा नये. मला विचाराल तर सुरुवातीला ही अडचण नाही, सोयच आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर एवढं गिऱ्हाईक पहिल्या वर्षाला पुष्कळ झालं, आणि गोधडी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्या राज्यांतून मागणी दिसायला लागली की मग पूर्ण नोंदणी करा. तिलाही सरकारी शुल्क नाही. पुढे विवरणपत्रं भरायला कर सल्लागाराची फी द्यावी लागते, तो खर्च मात्र खरा आहे.

एका गोष्टीचा विचार आधीच करा. नोंदणीत दिलेला पत्ता बिलावर आणि पार्सलवर छापला जातो. घरात एकट्या राहणाऱ्या बाईला आपल्या दाराचा पत्ता शंभर अनोळखी माणसांकडे जावा असं वाटत नसेल, तर ते योग्यच आहे. भावाचं दुकान असेल, बचतगटाची खोली असेल, तर त्यांचं संमतीपत्र आणि वीजबिल जोडून तो पत्ता देता येतो. नंतर बदलायला त्रास होतो, म्हणून हे पहिल्याच दिवशी ठरवा.

नाव ठरवतानाही दहा मिनिटं द्या. सरकारच्या ट्रेडमार्क विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेली नावं कुणालाही मोफत शोधता येतात. आपलं नाव दुसऱ्याच्या नावावर तर नाही ना, एवढं पाहून घ्यायचं. ट्रेडमार्क घ्यायची घाई नको. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे ४,५०० रुपये पडतात, आणि आज ते कापडात घातलेले बरे. बारकोडचंही तेच. हातानं बनवलेल्या, ब्रँड नसलेल्या वस्तूला बारकोड न देता विकायची सूट अ‍ॅमेझॉनवर अर्ज करून मोफत मिळते. शंभर रुपयांत दहा बारकोड विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

लोक काय टाइप करतात

आपण गोधडी म्हणतो. आमच्याकडे जुनी माणसं वाकळ म्हणतात. गिऱ्हाईक काय म्हणतं? हे शोधायला एक पैसा लागत नाही. ज्या बाजारात विकायचं आहे तिथल्या शोधपट्टीत रोमन लिपीत पहिली चार अक्षरं टाका आणि थांबा. खाली ज्या ओळी आपोआप उघडतात ते लोकांचेच शब्द. मी असं केलं तेव्हा गोधडी हा एकच शब्द लोक चार प्रकारे लिहितात असं दिसलं. ज्यांना गोधडी हा शब्दच ठाऊक नाही ते बेबी क्विल्ट, दोहर, पॅचवर्क रजाई असं शोधतात. ते सगळे शब्द एका कागदावर उतरवले आणि माझ्या वस्तूला खरोखर लागू पडणारे तेवढेच शीर्षकात आणि वर्णनात घेतले. दोहर घेतला नाही. दोहर वेगळी वस्तू आहे. तो शब्द पाहून आलेलं गिऱ्हाईक गोधडी परत पाठवणार, आणि परतीचा खर्च माझा.

गुगल ट्रेंड्स हे दुसरं मोफत साधन. दोन शब्द शेजारी ठेवून कोणता जास्त शोधला जातो, कोणत्या महिन्यात वाढतो, कोणत्या राज्यात चालतो हे ते दाखवतं. त्यातले आकडे ० ते १०० अशा तुलनेचे असतात, माणसांची संख्या नव्हे. हे माहीत नसलं तर फसायला होतं. मोठ्या गोधडीच्या मागणीचा चढ दिवाळीच्या आधी सुरू होतो, हे मला त्यातच दिसलं. तेव्हापासून मी श्रावणातच कापड जमवून ठेवते.

माझं सर्वांत आवडतं साधन मात्र तिसरं आहे, आणि त्याला कुणी साधन म्हणतही नाही. दुसऱ्यांच्या मालाखालचे दोन आणि तीन तारे दिलेले अभिप्राय वाचा. पाच तारेवाले ‘छान आहे’ म्हणून जातात, एक तारेवाले बऱ्याचदा कुरिअरवर चिडलेले असतात. दोन-तीनवाले नेमकं बोलतात. ‘फोटोत मोठी वाटली, आली तेव्हा पाळण्यापुरती.’ ‘पहिल्या धुण्यात लाल रंग सुटला.’ ‘आत काय भरलंय ते लिहिलेलं नाही.’ एका दुपारी असे चाळीस अभिप्राय वाचले तर आपल्या वर्णनात काय काय लिहायचं त्याची यादी तयार होते. मी त्या दुपारनंतर प्रत्येक कापड मिठाच्या पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापायला लागले, आणि तसं वर्णनात लिहिलंसुद्धा.

फोटो

यावर जास्त बोलते, कारण ऑनलाइन गिऱ्हाइकाला हात लावून बघता येत नाही. गोधडी तर हाताची वस्तू आहे. पोत, जाडी, टाक्यांचा उठाव हे सगळं फोटोतूनच त्याच्या बोटांना कळलं पाहिजे.

स्टुडिओ नको, दिवे नकोत. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान जिथे थेट ऊन येत नाही पण उजेड भरपूर आहे अशी खिडकी शोधा. खोलीतले सगळे दिवे बंद करा, नाहीतर पिवळा आणि पांढरा उजेड मिसळतो आणि रंग बिघडतो. जमिनीवर धुतलेली पांढरी चादर घट्ट ताणून घाला, तिच्यावर गोधडी अंथरा, आणि स्टुलावर उभं राहून बरोबर वरून फोटो घ्या. स्टूल कुणालातरी धरायला सांगा. दोरीवर वाळत घातल्यासारखा फोटो काढू नका. गोधडीचं वजन तिला मधे झुकवतं आणि सरळ शिवलेली कड वाकडी दिसते. खिडकीच्या समोरच्या बाजूला एखाद्या मुलाला पांढरा कार्डशीट धरून उभं करा, सावलीची बाजू उजळते. फोनची लेन्स पदरानं पुसण्याआधी एकदा ओल्या कपड्यानं पुसा. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या फोनवर तेलाचा हात बसलेला असतो आणि मग फोटो धुकट येतात.

मी एका गोधडीचे सहा फोटो घेते. पहिला पूर्ण, वरून. दुसरा घडी घातलेला, जाडी दिसेल असा. तिसरा मोजपट्टीसह. चौथा एक कोपरा उलटून, मागची बाजू दिसेल असा, कारण हातशिलाई ओळखणारी बाई आधी मागचे टाके बघते. पाचवा अगदी जवळून, धावदोऱ्याच्या तीन-चार ओळींचा. त्यात टाका थोडा लहानमोठा दिसला तर दिसू द्या. यंत्राचा टाका एकसारखा असतो, हाताचा नसतो, आणि गिऱ्हाईक पैसे त्याचेच देणार आहे. सहावा वापरातला, पाळण्यात किंवा पलंगावर.

गुगलचं स्नॅपसीड हे फोटो सुधारायचं अ‍ॅप मोफत आहे. त्यातला ‘व्हाइट बॅलन्स’ एवढा एक भाग शिकला तरी निम्मं काम होतं. तिथल्या पिचकारीसारख्या खुणेनं फोटोतल्या पांढऱ्या चादरीवर बोट ठेवलं की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. माझी एक मोरपंखी काठाची गोधडी फोटोत निळी दिसत होती, आणि ‘रंग वेगळा आला’ म्हणून दोनदा परत आली. हे शिकल्यावर तिसऱ्यांदा गेली ती राहिली. रंग अधिक भडक करायचा मोह मात्र आवरा. फोटो वस्तूपेक्षा सुंदर झाला तर वस्तू परत येते.

अ‍ॅमेझॉनच्या मुख्य फोटोचे नियम ठरलेले आहेत. पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी, वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला हवा, वर काही लिहिलेलं नको, आणि फोटो मोठा करून बघता यावा यासाठी लांब बाजू किमान १,००० पिक्सेल हवी. कॅनव्हाच्या मोफत आवृत्तीत पार्श्वभूमी काढायची सोय नाही, ती पैसे भरल्यावर मिळते. अडोबी एक्सप्रेसच्या मोफत आवृत्तीत ती आहे. फक्त गोधडीच्या कडेचे दोरे यंत्र कधीकधी कापून टाकतं, तेव्हा कडा मोठ्या करून तपासा. कॅनव्हा मी मापाचं चित्र करायला वापरते. गोधडीच्या फोटोवर बाण आणि सेंटिमीटरमधले आकडे टाकायचे, बस. हे चित्र टाकल्यापासून ‘लहान निघाली’ हे कारण जवळजवळ बंद झालं.

वर्णन

इंग्रजी येत नाही म्हणून अडून राहू नका. फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोला, समोर शेजारीण बसली आहे असं समजून: ही कशाची आहे, किती लांब-रुंद, वजन किती, आत काय, धुवायची कशी. मग तो मजकूर गुगल ट्रान्सलेटमधून किंवा जेमिनाय, चॅटजीपीटी यांच्या मोफत आवृत्तीतून इंग्रजी करून घ्या. ही साधनं चांगली आहेत, पण त्यांना स्तुती करायची खोड आहे. मी ‘सुती साडी’ सांगितलं तर एकदा वर्णनात ‘ऑरगॅनिक कॉटन’ आलं. माझी साडी ऑरगॅनिक असल्याचा कुठलाही दाखला माझ्याकडे नव्हता. तयार झालेलं प्रत्येक वाक्य वाचा, आणि जे तुम्ही सांगितलं नव्हतं ते खोडा.

जुन्या साड्यांची गोधडी असेल तर तसं ठळक लिहा. ‘वापरलेल्या, धुतलेल्या सुती साड्यांपासून’ हे वाक्य पहिल्या दोन ओळींत आलं पाहिजे. काहींना ते नको असतं, ते घेणार नाहीत. ज्यांना आजीच्या लुगड्याचा मऊपणा हवा असतो ते नेमकं हेच वाचून घेतात.

पाकिटावरच्या मजकुराचाही कायदा आहे. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग आणि माप, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, आणि तक्रारीसाठी संपर्क, एवढं छापावं लागतं. साध्या कागदावर छापून चिकटवलं तरी चालतं. एकदा नमुना करून ठेवा, दर महिन्याला फक्त तारीख बदला.

वजन जागेचंही असतं

मोठी गोधडी पहिल्यांदा पाठवली तेव्हा काट्यावर ती १ किलो ४०० ग्रॅम होती. हिशेबात मात्र साडेचार किलोच्या पुढे वाहतूक लागली. मला वाटलं चूक झाली असेल. चूक माझी होती. हलक्या पण फुगीर वस्तूचं वजन कुरिअरवाले जागेवरून धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिघांचा गुणाकार करायचा आणि साधारणपणे ५,००० ने भागायचं. जे उत्तर येईल ते किलो. खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे.

माझं खोकं होतं ४२ बाय ३४ बाय १६. गुणाकार २२,८४८. भागिले ५,००० म्हणजे ४.५७ किलो. मग मी खोकं सोडलं. गोधडीच्या लांबीत तीन घड्या, रुंदीत तीन घड्या घातल्या, वर पाट ठेवून त्यावर मुलाला पाच मिनिटं बसवलं, जुन्या कापडाच्या नाडीनं दोन ठिकाणी बांधली आणि कुरिअरच्या पिशवीत सरकवली. माप आलं ४० बाय ३० बाय ९. गुणाकार १०,८००, म्हणजे २.१६ किलो. गोधडी तीच, वाहतूक निम्म्यावर आली. मेजरिंग टेप आणि फोनमधला कॅल्क्युलेटर यांपलीकडे काही लागलं नाही. किंमत ठरवायच्या आधी बांधून, मोजून बघा.

लेबल छापायला खास प्रिंटर घेऊ नका. साध्या कागदावर छापून पारदर्शक चिकटपट्टीनं लावता येतं, बारकोडवर सुरकुती पडू द्यायची नाही. पानावरची लेबलं कापून देणारी मोफत संकेतस्थळं आहेत, पण लेबलावर गिऱ्हाइकाचं नाव आणि घरचा पत्ता असतो. तो कुठल्याही अनोळखी ठिकाणी चढवणं मला पटत नाही. कात्री आहे की घरात.

पॅकिंग करताना आणि परत आलेलं पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या. आधी लेबल दिसलं पाहिजे, मग वस्तू, मधे व्हिडिओ थांबवायचा नाही. परत आलेल्या पिशवीत एकदा मला माझ्या गोधडीऐवजी एक जुनी चादर मिळाली. व्हिडिओ होता म्हणून क्लेम मंजूर झाला. गुगल खात्यात १५ जीबी जागा मोफत असते, ती अशा व्हिडिओंनी लवकर भरते. पैसे जमा होऊन क्लेमची मुदत संपली की जुने काढून टाका.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस मोफत आहे आणि ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी उत्तम आहे. पण ऑनलाइन बाजारातून आलेल्या गिऱ्हाइकाच्या पार्सलमध्ये ‘पुढच्या वेळी थेट फोन करा’ अशी चिठ्ठी घालू नका. नियमाविरुद्ध आहे, आणि खातं बंद होऊ शकतं. पाच ताऱ्यांच्या बदल्यात भेट देणंही तसंच. अभिप्राय मागायची मोफत सोय अ‍ॅमेझॉनच्या सेलर सेंट्रलमध्ये, म्हणजे विक्रेत्याच्या खात्यात आहे, तेवढी वापरावी.

कुणी फोन करून ओटीपी मागितला, खातं बंद होईल अशी भीती घातली, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा, उशीर करू नका. शिकायचं असेल तर अ‍ॅमेझॉनची सेलर युनिव्हर्सिटी मोफत आहे, विक्रेत्याचं खातं मराठीतही चालवता येतं, आणि जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारायला पैसे पडत नाहीत. मी गेले होते. तिथल्या बाईंनी एक तास बसवून सांगितलं.

हिशेबाचं पान

हे शेवटी सांगते आहे, पण तुम्ही पहिली गोधडी ठेवायच्या आधी करा. प्रत्येक मोठ्या बाजारात विक्रेत्यासाठी शुल्क काढायचं गणकयंत्र मोफत असतं. वस्तूचा प्रकार, किंमत, वजन टाकलं की कमिशन, ठरावीक शुल्क, वाहतूक किती कापणार ते दिसतं. दर बदलत राहतात, म्हणून ऐकीव आकड्यावर जाऊ नका, त्या दिवशीचा आकडा बघा. मीशो कमिशन घेत नाही, पण वाहतूक आणि परतीचा खर्च तिथेही असतोच. गणकयंत्रातले आकडे गुगल शीट्समध्ये उतरवा. शीट फोनवर चालते, मोफत आहे.

पाळण्यातल्या लहान गोधडीचं माझं पहिलं पान असं होतं. विक्री ९९९. कापड आणि अस्तर १७०, दोरा २०, शिवायची मजुरी ३५०, पॅकिंग १८, एकूण ५५८. बाजाराचं कमिशन १००, ठरावीक शुल्क २५, वाहतूक ७५, या २०० वर १८ टक्के जीएसटी ३६, एकूण २३६. दोन्ही वजा जाता उरले २०५. पूर्ण नोंदणी नसेल तर ते ३६ रुपये परत मिळत नाहीत, ते खर्चातच धरायचे.

मग परतीची ओळ. वीस गोधड्यांत दोन परत आल्या, प्रत्येकीमागे जाण्यायेण्याचे आणि नव्या पॅकिंगचे मिळून १६० गेले. अठरा गुणिले २०५ म्हणजे ३,६९०, त्यातून ३२० वजा, ३,३७०. भागिले वीस. एका गोधडीमागे २०५ नव्हे, १६८. किंमत कमी करायची, सवलत द्यायची, जाहिरात करायची, सगळं या १६८ मधून. हा आकडा समोर नसताना मी सणाच्या ‘सेल’मध्ये दोनशे रुपये सवलत दिली होती. दर गोधडीमागे हातात जवळजवळ काहीच उरत नव्हतं, आणि मी ऑर्डरी वाढल्या म्हणून आनंदात होते.

टीडीएससाठी, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकरासाठी, शीटमध्ये वेगळी ओळ ठेवा. एकट्या व्यक्तीची एका ठिकाणची वार्षिक विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर तो कापला जात नाही. कापला गेला तर तो खर्च नाही, आयकर विवरणपत्रात त्याचं श्रेय मिळतं.

मजुरीच्या ओळीकडे नीट बघा. गोधडी स्वतः शिवत असाल तरी तिथे शून्य लिहू नका. बहुतेक जणी लिहितात. ‘मी घरीच असते, दुपारी बसून करते, त्याचे कसले पैसे’ असं म्हणतात. उद्या बाळंतपणाला, आजारपणाला, शेतातल्या कामाला तुम्ही बसू शकला नाहीत आणि दुसऱ्या कुणाला शिवायला द्यावी लागली, की त्या दिवशी धंदा तोट्यात जातो, कारण किंमत ठरवताना ते पैसे धरलेलेच नसतात.

माझ्याकडे शेजारच्या मावशी शिवायच्या. लहान गोधडीला त्यांना आठ तास लागतात, दोन दुपारी. ३५० रुपये मी त्यांना द्यायचे आणि मला ते बरे वाटायचे, कारण त्यांनीच तो भाव सांगितला होता. शीटमध्ये एक जास्तीचा रकाना केला, मजुरी भागिले तास, तेव्हा त्यात ४३.७५ असं आलं. आठ तास मान खाली घालून, डोळ्यांना ताण देऊन, तासाला चव्वेचाळीस रुपयेही नाहीत. मी बराच वेळ ते पान बंद करू शकले नाही.

किंमत ११९९ केली तर काय होतं ते टाकून पाहिलं. कमिशन १२०, ठरावीक २५, वाहतूक ७५, वर जीएसटी धरून साधारण २६०. मजुरी ४५० धरली तर माझा खर्च ६५८. उरतात २८१. म्हणजे मावशींना शंभर जास्त देऊनही मला आधीपेक्षा शहात्तर रुपये जास्त मिळत होते. धीर होत नव्हता, महाग म्हणून कुणी घेणार नाही असं वाटत होतं. टाक्यांचा जवळचा फोटो दुसऱ्या क्रमांकावर आणला, वर्णनात ‘एका बाईनं आठ तासांत हातानं शिवलेली’ ही खरी ओळ घातली, आणि किंमत बदलली. पहिले तीन आठवडे ऑर्डरी मंदावल्या. चौथ्या आठवड्यात पुण्याहून एकाच घरी दोन गेल्या.

त्या महिन्याचे पैसे जमा झाले तेव्हा मी मावशींना फोनवर ते पान दाखवलं. त्यांना इंग्रजी आकडे वाचता येतात. रकाना वरपासून खालपर्यंत बोटानं सरकवत त्यांनी वाचला, मग विचारलं, ‘म्हणजे मोठ्या वाकळेचं बी असंच काढता येतंय व्हय?’ आम्ही तिथेच बसून मोठ्या गोधडीचं नवं पान उघडलं, आणि तासांचा आकडा त्यांनी सांगितला तो घातला.